हुक्का चकाचक झाला, डोकेदुखी तशीच राहिली: एका फ्लॅटमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

एका फ्लॅटमध्ये चौघं राहायची, सगळी सज्ञान, नोकरी किंवा शिक्षण चालू असलेली. ओळख पटू नये म्हणून नावगाव काहीच लिहीत नाहीये. हुक्का ज्याचा होता त्याला मालक म्हणू, दुसरा त्याचा जुना दोस्त, तिसरा नुकताच राहायला आलेला नवा मुलगा आणि चौथी केमिस्ट्री शिकणारी मैत्रीण. ही मैत्रीण हुक्क्याला कधी तोंड लावायची नाही, पण हॉलमध्येच कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यासाला बसायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा उलगडा हिच्यामुळेच झाला.

हुक्का साधाच. काचेचा बेस (खालचं पाण्याचं भांडं), वरून क्रोम चढवलेला पितळी स्टेम (मधली उभी नळी), त्यावर तंबाखू ठेवायची मातीची चिलीम, आणि आत तारेची स्प्रिंग असलेला कापडी वेष्टणाचा पाईप, जो दिसायला छान असतो पण धुता येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा निघायचा, शनिवारी तर नक्कीच. देखभाल म्हणाल तर पाणी ओतून द्यायचं (तेही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दुपारी), स्टेम नळाखाली धरायचा, पाईप गुंडाळून स्टेमलाच अडकवून ठेवायचा. बस.

इथे थोडं थांबून सांगतो की घाण नेमकी कसली असते. हुक्क्याच्या तंबाखूत मळी किंवा साखरेचा पाक आणि ग्लिसरीन भरपूर असतं. उष्णतेने त्याची वाफ होते, ती थंड स्टेममधून खाली येताना आतल्या भिंतीला चिकटते, त्यात राख आणि टार मिसळतं आणि एक तपकिरी चिकट थर बसतो. नुसत्या पाण्याने तो वरवर ओला होतो, निघत नाही. बेसमधलं पाणी रात्रभर तसंच राहिलं की काचेला बुळबुळीत पापुद्रा धरतो, तो जिवाणूंचा थर असतो. आणि पाईप जर ओलसरच गुंडाळला तर आत तारेला गंज आणि कापडाला बुरशी, दोन्ही एकदम.

अडचण

सुरुवात चवीपासून झाली. कुठलाही फ्लेवर टाका, मागून बडीशेपेसारखा जुना वास यायचाच, कारण मध्यंतरी त्यांनी बडीशेपेच्या वासाचा एक फ्लेवर बराच वापरला होता आणि तो वास रबरात आणि पाईपमध्ये मुरतो तो मुरतोच. मग धूर घशाला लागायला लागला. मग दम जोरात लावावा लागायला लागला, धूर कमी आणि हवाच जास्त. आणि पाईपमधून फुंकून बेसमधला कोंडलेला धूर बाहेर काढायची जी छोटी झडप असते, जिच्यात एक बारीक गोळी असते, ती चिकटून बसली, म्हणजे फुंकलं तरी जुना धूर बाहेर जाईना.

त्याच सुमारास पावसाळा लागला आणि खिडक्या बंद झाल्या. आणि त्याच सुमारास डोकी दुखायला लागली.

आता ह्या दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या आणि इथेच सगळे चकले. मालक म्हणाला, "अरे हुक्का घाण झालाय, म्हणून डोकं धरतंय." कोणालाच त्यात काही चूक वाटली नाही. ऐकायला पटतंच ना, घाण वस्तू ओढली की त्रास होणार. त्यामुळे एकाच नावाखाली तीन वेगळ्या अडचणी एकत्र बांधल्या गेल्या: चव बिघडली ती चिकट थरामुळे, ओढ कमी झाली ती कुठेतरी हवा गळत होती म्हणून, आणि डोकेदुखी, जिचा ह्या दोन्हीशी काही संबंध नव्हता.

पहिला प्रयत्न आणि तो कसा बिघडला

नव्या मुलाने पुढाकार घेतला. हेतू चांगला होता, त्याला नवीन घरात काहीतरी आपण करावं असं वाटत होतं. त्याने स्टेमच्या खालच्या तोंडाला बूच लावलं आणि फरशी-संडास साफ करायचं ब्लीचवालं लिक्विड आत भरून रात्रभर ठेवलं. बेस थंडगार होता, त्यात उकळतं पाणी ओतायला निघाला तेव्हा मैत्रिणीने हात धरला, कारण काच एकदम तापली की तडकते. पाईप त्याने बादलीत बुडवून ठेवला.

सकाळी स्टेमच्या खालच्या नळीवर, म्हणजे जी पाण्यात बुडते तिच्यावर, क्रोमला बारीक खड्डे पडलेले आणि आट्यांपाशी पापुद्रा सुटलेला. ब्लीचचा वास जाईना. मग तो म्हणाला की थांबा, व्हिनेगर टाकतो, वास मारतं ते. मैत्रीण अक्षरशः ओरडली. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमसारख्या छोट्या बंद जागेत तो फुप्फुसाला इजा करू शकतो. तिने स्टेम वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायला लावला, दार उघडं ठेवून, आणि व्हिनेगरची बाटली स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली.

माझ्या मते ह्या अख्ख्या प्रकरणातला हा सर्वात चांगला निर्णय, आणि तो दोन सेकंदात घेतला गेला.

त्या शनिवारी त्यांनी तोच हुक्का परत पेटवला. चव थोडी सुधारली होती, चिकट थर बराच निघाला होता. डोकी मात्र आधीपेक्षा जास्त दुखली.

तो शनिवार

बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, पंखा मंद. कोळसे गॅसवर किचनमध्येच लाल केले होते, आणि एक फेरी संपून दुसरी चालू. मालकाचा दोस्त उठून पाणी आणायला गेला आणि दारातच बसला. घेरी आली, मळमळत होतं. नव्या मुलाने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 98. सगळे म्हणाले नॉर्मल आहे, जेवला नसशील नीट, पड जरा.

तेवढ्यात कोपऱ्यातून मैत्रीण म्हणाली, "माझंपण डोकं ठणकतंय. मी तर ओढलंच नाहीये."

इथे सगळं फिरलं. हुक्का घाण असेल तर त्रास ओढणाऱ्याला व्हायला हवा. जास्त निकोटीनने मळमळ होते, पण तीही ओढणाऱ्यालाच. जिने पाईपला हात लावला नाही तिचं डोकं का दुखावं? खोलीत सगळ्यांमध्ये समान होती ती फक्त हवा. मैत्रिणीने खिडक्या-दार उघडलं, कोळसे चिमट्याने उचलून गॅलरीत लोखंडी तव्यात नेऊन ठेवले, आणि दोस्ताला बाहेर हवेत बसवलं. मालक म्हणत होता की झोपला की बरा होईल, तिने ऐकलं नाही, हॉस्पिटलमध्ये नेलंच. तिथल्या डॉक्टरांनी कोळसा म्हटल्याबरोबर रक्त तपासलं, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कोळसा जळताना सुटणारा विषारी वायू, वाढलेला निघाला, ऑक्सिजन लावला, आणि काही तासांनी तो धड झाला.

ऑक्सिमीटरबद्दल सांगायलाच हवं कारण बऱ्याच घरांत तो आता असतो. बोटावरचं साधं यंत्र ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ह्यातला फरक ओळखू शकत नाही. दोन्ही त्याला सारखंच दिसतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे शरीर खरं तर ऑक्सिजनला मुकलेलं असतं आणि आकडा मात्र 98 येतो. कोळशाच्या खोलीत कोणाला घेरी आली आणि यंत्र नॉर्मल दाखवत असलं तरी त्या आकड्यावर जायचं नाही, बाहेर काढायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, त्यामुळे "धूर तर नाहीये खोलीत" ह्यालाही काही अर्थ नाही.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी चौघं बसली आणि मलापण बोलावलं, कारण हुक्क्याची खोलाखोली आणि दुरुस्ती मला जमते हे दोस्ताला माहीत होतं. चर्चा बरीच तापली.

दोस्त स्वतः म्हणाला की मी ह्यापुढे ओढणार नाही, विषय संपला. त्याच्यासाठी हा पर्याय सगळ्यात सरळ होता आणि मला विचाराल तर तब्येतीच्या दृष्टीने सगळ्यांसाठीच. मालकाला म्हटलं की धुतलेला हुक्का म्हणजे सुरक्षित हुक्का असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. पाण्यातून गेल्यामुळे धूर थंड होतो, मऊ लागतो, पण बहुतेक विषारी द्रव्यं पाण्यात अडकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये आणि परत 2015 मध्ये ह्याच विषयावर टिपण काढलं आणि त्यात हे स्पष्ट म्हटलंय. कार्बन मोनॉक्साइड तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आणि तो येतो मुख्यतः कोळशातून, म्हणून "बिनतंबाखूचं हर्बल टाकतो" म्हटलं तरी कोळसा तोच, वायूही तोच.

मालकाचं म्हणणं होतं की ठीक आहे, मी गॅलरीत बसेन, पण हुक्का टाकणार नाही. मग प्रश्न उरला की साफ करायचा, सगळा नवा घ्यायचा, का एकेक भाग बघून ठरवायचं.

सगळा नवा घेणं मला पटलं नाही, कारण सवय तीच राहिली तर नवाही तीन महिन्यांत तसाच होणार. आणि सगळा धुऊन वापरायचा हेही नाही, कारण त्यात काही भाग असे होते जे कितीही धुतले तरी चालले नसते. म्हणून एकेक भाग.

काय केलं

आधी सगळं सुटं केलं. झडप उघडताना खाली वाटी धरली, नाहीतर ती गोळी बेसिनमध्ये गेली की गेली.

पाईपपासून सुरुवात केली. पांढऱ्या कापडावर आपटून बघितला तर तांबूस कण पडले, टोकाला नाक लावलं तर कुबट. तारेचा पाईप बादलीत बुडवला होता ना, त्यामुळे उरलासुरला जीवही गेला. त्याला वाचवायचा कुठलाही मार्ग नाही, कारण आतली बाजू ना घासता येते ना वाळवता येते, आणि गंजाचे कण आणि बुरशी थेट छातीत जाणार. मालक हळहळला, त्याला त्या पाईपचं वेष्टण आवडायचं, पण टाकला. त्याजागी साधा सिलिकॉनचा, ज्यातून पाणी आरपार जातं.

स्टेमचा निर्णय सगळ्यात अवघड होता. आत टॉर्च मारून बघितलं. आतली बाजू उघडं पितळ, एक-दोन जागी हिरवट डाग, म्हणजे पितळेतल्या तांब्याला ओलाव्याने चढलेला हिरवा गंज. क्रोमचा पापुद्रा फक्त खालच्या बुडणाऱ्या नळीवर सुटलेला. ती नळी आट्यांची होती म्हणून तेवढीच बदलली. ती एकसंध असती तर मी स्टेम टाकायला लावला असता, सुटणारा मुलामा असलेली नळी पाण्यात आणि धुराच्या वाटेत ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

राहिलेल्या स्टेममधून आधी कोमट पाणी सोडलं, मग लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश दोन्ही तोंडांनी घातला. तारेचा ब्रश नाही, त्याने ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्याच ओरखड्यांत पक्का बसतो. ब्लीच पूर्ण गेलंय ह्याची खात्री झाल्यावरच लिंबूसत्वाचं पातळ पाणी भरलं, दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पितळ आम्लात रात्रभर ठेवलं तर त्यातलं जस्त आधी विरघळतं आणि धातू गुलाबीसर, ठिसूळ पडायला लागतो. मग ब्रश, मग भरपूर पाणी, मग वासासाठी खायच्या सोड्याचं पाणी वेगळं. वेगळं हा शब्द महत्त्वाचा. लोक सोडा आणि व्हिनेगर एकदमच ओततात, मस्त फसफसतं, बघायला बरं वाटतं, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी हातात जवळपास खारट पाणी उरतं. फेसाने थोडा सैल कचरा हलतो इतकंच.

बेसमध्ये कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मूठभर जाड मीठ घालून तोंड बंद करून हलवलं, मिठाचे खडे ब्रश पोचत नाही तिथे घासतात. चिलीम आतून बिनझिलईची मातीची होती, तिला साबण लावला नाही कारण कच्ची माती साबण पिते आणि नंतर तो तापून वास मारतो. नुसत्या गरम पाण्यात भिजवली, खरवडली, पूर्ण वाळू दिली.

झडपेची गोळी गरम पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांत मोकळी झाली. एवढ्याशा चिकट थराने ती अडकली होती.

आणि मग गळती. सगळं जोडून स्टेमच्या वरच्या तोंडावर तळहात घट्ट धरला आणि पाईपमधून ओढलं. काहीच यायला नको, पण हवा आली. बेस आणि स्टेमच्या मधलं रबर दाबून बघितलं तर कडक आणि एका बाजूला चिरलेलं. नवा मुलगा म्हणाला की नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळू. पाईपच्या जोडाला तात्पुरती चालते, पण चिलमीजवळच्या तापणाऱ्या जोडाला कधीच नाही, आणि चिरलेल्या रबराला तर टेप हा उपायच नाही. सगळी रबरं बदलली, त्याबरोबर बडीशेपेचा वासही बराचसा गेला. परत हात धरून ओढलं, हवा शून्य.

पाणी भरताना बुडणारी नळी दोन-अडीच सेंटीमीटरच पाण्याखाली ठेवली. आधी ते बेस जवळजवळ गळ्यापर्यंत भरायचे, त्याने ओढायला जोर लागायचा आणि पाणी उडून पाईपमध्ये जायचं. पाईप कायम ओला का असायचा त्याचं अर्धं उत्तर इथे होतं.

निकाल

चव आणि ओढ दोन्ही सुधारली, ते अपेक्षितच होतं. मालक आता हुक्का संपला की त्याच रात्री पाणी ओततो, पाईपमधून पाणी सोडून दोन्ही टोकं खाली ठेवून टांगतो, बेस उपडा ठेवतो आणि स्टेम न जोडता वाळू देतो. मोठी धुलाई चार-पाच वापरांनंतर. प्रत्येकाचं तोंडाला लावायचं टोक वेगळं, कारण एकच टोक सगळ्यांच्या तोंडात फिरलं तर ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसपासून क्षयापर्यंतचे संसर्ग पसरू शकतात, आणि ते धुण्याने भागत नाही, मधल्या मध्ये कोण धुणार?

कोळसा घरात येत नाही. पेटवायचाही गॅलरीतच, कारण किचनमध्ये लाल करत असतानाच तो वायू घरात पसरायला लागतो, हुक्का चालू व्हायच्याही आधी. पटकन पेटणारे रसायन लावलेले कोळसे त्यांनी बंद केले, पेटवताना त्यांचा वेगळाच उग्र धूर होतो. हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला, तो मैत्रिणीने आणला.

डोकेदुखी ज्या दिवसापासून कोळसा बाहेर गेला त्या दिवसापासून थांबली. हुक्का तोपर्यंत नीट धुतलाही नव्हता, तो सुटा होऊन बाथरूममध्ये पडला होता. दोस्ताने पूर्ण सोडलंय. मालकाचं कमी झालंय, सुटलेलं नाही, आणि त्याच्या मागे मी लागलेलोच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, डोकेदुखी सुरू झाली तेव्हाच "अजून कोणाकोणाला होतंय आणि कुठे बसल्यावर" हे विचारायला हवं होतं. मैत्रिणीचं डोकं त्याआधीही दुखत होतं, पण तिला वाटायचं अभ्यासाने दुखतंय आणि तिला कोणी विचारलंही नाही. खोलीबाहेर गेल्यावर उतरतं का, एवढं जरी बघितलं असतं तरी संशय कोळशावर गेला असता. ओढणाऱ्यांच्या तक्रारी ओढणाऱ्यांनीच आपापसात बोलून घेतल्या, तिथे पुरावा अर्धाच होता.

दुसरी, ब्लीचने काम करण्याआधी पाच मिनिटं वस्तू कशाची आहे हे बघायला हवं होतं. क्रोम, पितळ, काच, कच्ची माती, रबर, प्रत्येकाला वेगळं काहीतरी चालतं आणि वेगळं काहीतरी मारतं. बेस ॲक्रिलिकचा असता आणि कोणी स्पिरिट वापरलं असतं तर त्यावर बारीक भेगांचं जाळं आलं असतं, शिवाय स्पिरिट जळतं, कोळशाच्या आसपास ते नकोच.

तिसरी गोष्ट मी मालकाला अजूनही सांगतो. गळती शोधायची ती तळहाताची चाचणी दहा सेकंदांची आहे आणि ती दर वेळी पेटवण्याआधी करता येते. त्यांनी ती कधीच केली नव्हती. हवा गळायची म्हणून जोरात ओढायचे, धूर कमी वाटायचा म्हणून कोळसा वाढवायचे, दोनाचे तीन, तिनाचे चार, आणि तेही बंद खोलीत. देखभालीचा आणि त्या शनिवारचा काही संबंध असलाच तर तो एवढाच, की एका चिरलेल्या रबरामुळे खोलीत जास्त कोळसा जळत होता. रबर आधी बदललं असतं तर कदाचित घेरी आली नसती, पण डोकी दुखतच राहिली असती, आणि मग खरं कारण कळायला अजून उशीर झाला असता. म्हणून क्रम लावायचा तर आधी कोळसा बाहेर, मग खिडक्या, आणि मग हुक्का खोलून बसायचं.